आरसा, पेन्सिल आणि दुकान बंद

आपल्या शाळेच्या महोत्सवानिमित्त ही एक आठवण. 1988 साली आम्ही इथं कोल्हापुरात आठवीत होतो आणि एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेला बसणाऱ्यांचे जादा तास शाळा भरायच्या आधी चालायचे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन. टेबलावर तांब्या, मागं दुमडून सोडलेलं फडकं, पुढ्यात दोन वांगी. पन्नास पोरांची पन्नास चित्रं, आणि नावं झाकली तर कुणाचं कुठलं ते आईलासुद्धा ओळखू येऊ नये. परीक्षेला ते चालतंही. ए ग्रेड मिळते.

आमच्या ड्रॉइंगच्या सरांना मात्र ते डाचत असावं. गणपतीची सुट्टी लागायच्या आधी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘मी.’ खाली तीन अटी. आरशात बघायचं नाही. पेन्सिल धरायची नाही. दुकानातून काही आणायचं नाही. “घरात जे सांडतंय, उरतंय, फेकून द्यायचंय, ते आणा. त्यातनं स्वतःला करा. तोंड काढलं की शून्य मार्क.”

वर्गात हलकल्लोळ. पेठेतल्या एका पोरानं विचारलं, “सर, आमच्या घरात काहीच सांडत नाही, आई लई कडक हाय.” सर म्हणाले, “मग तीच आण.”

सुट्टीनंतर जे वर्गात आलं त्याचा वास मला अजून सांगता येईल. तालमीतली लाल माती, ताकातेलाचा तो आंबूस वास धरून. गुजरीतल्या, म्हणजे सोनारपेठेतल्या एका पोराच्या डबीत मुशीतली राख. कुणाच्या पिशवीत गुऱ्हाळावरची वाळलेली चिपाडं. आणि सुभाषनगरातून येणाऱ्या एका मुलानं वर्तमानपत्रात बांधून आणलेले कातड्याचे तुकडे.

पुडकं सुटलं तसं मागच्या बाकावर कुणीतरी नाक धरलं. दोघी हसल्या. त्या मुलानं पुडकं तसंच दप्तरात कोंबायला घेतलं. तो कुठं राहतो हे आम्हाला माहीत होतं, त्याचे वडील काय करतात हेही, पण वर्गात ते कुणी बोलत नसे. चपलेच्या गल्लीतून सगळ्यांच्या घरी चपला यायच्या, त्या करणारं घर तेवढं कुणाच्या तोंडी नसायचं.

सर ओरडले नाहीत, उपदेशही केला नाही. त्याच्या बाकावर त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, “चपलेची वेणी कशी घालतात ते मला येत नाही. दाखव.” तो म्हणाला, “वेणी आई घालती सर, मी फक्त वादी काढून देतो.” मग त्यानं दाखवलं. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं कातडं, पाण्यानं जरा ओलं केलेलं, रापीनं उभं चिरून काढलेल्या दोऱ्याइतक्या बारीक पट्ट्या. चपलेला खिळा लागत नाही, सगळं वादीनंच शिवतात, हे मला तेव्हा कळलं, म्हणजे जन्मापासून कोल्हापुरी घालून चौदाव्या वर्षी. सरांची वेणी तिसऱ्या पेडाला सुटली. आख्खा वर्ग भोवती गोळा. नाक धरणारासुद्धा.

त्यानं शेवटी जे केलं ते असं: एक पुठ्ठा, त्यावर चपलेच्या तळाएवढी रिकामी जागा आणि भोवतीनं गच्च वेण्याच वेण्या. पाय कुणाचा, ते नव्हतं. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेपरात मोठमोठे फोटो आले. मला आधी तो पुठ्ठा आठवला.

माझं सांगते. आमचे आण्णा एसटीत कंडक्टर. तेव्हा मशीन नव्हतं. पत्र्याच्या ट्रेमध्ये रंगीत तिकिटांचे गठ्ठे आणि हातात पंच. पंचानं पाडलेल्या भोकांच्या टिकल्या बसभर उडायच्या, पण थोड्या आण्णांच्या खाकी शर्टाच्या खिशात, शिवणीत जाऊन बसायच्या. आई धुणं धुताना वैतागायची. मी तिला सांगून त्या साठवल्या. गुलाबी, फिकट हिरव्या, पिवळट. खळीनं एकेक टिकली चिकटवत पंजा केला. बोटाच्या टोकावर टिकली घ्यायची, फुंकर न मारता कागदावर टेकवायची. मनगटापर्यंत पोचायला सुट्टी सरली.

सर बराच वेळ बघत राहिले. “हा पंजा तुझ्यापेक्षा मोठा आहे.” मी म्हटलं, “आण्णांचा आहे.” “मग तू?” मी गप्प. त्यांनी माझा हात उचलून त्या पंजावर ठेवला आणि म्हणाले, “एवढ्या जागेच्या टिकल्या खरवडून काढ.” मला रडू फुटलं. एवढ्या कष्टानं लावलेल्या! पण काढल्या. आण्णांच्या टिकल्यांच्या पंजात माझ्या हाताची कोरी जागा राहिली, खळीचे डाग असलेली. घरी दाखवलं तेव्हा आण्णा म्हणाले, “आत काय भरणार हाईस?” त्या वयात मला ते उत्तर देता आलं नाही, आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

सगळ्यात भारी चित्र मात्र शाहूपुरी कुंभार गल्लीतल्या मैत्रिणीचं. गणपतीच्या मोसमात त्यांच्या घरी पाय ठेवायला जागा नसायची. सरांना वाटलं असणार, ही माती आणेल, एखादी मूर्ती करेल. ती म्हणाली, “घरातलं नको सर. घरातलं मी घरात करतोच की.” तिनं भावाच्या सायकलचं चाक कालवलेल्या शाडूत बुडवलं आणि लांबलचक कागदावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. बस्स. कागदावर टायरचा ठसा, तोही शेवटी शेवटी पुसट होत गेलेला.

“यात तू कुठं आहेस?” सरांनी विचारलं.

“मी गेलो की सर पुढं.”

वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. सगळी चित्रं भिंतीवर लागली तेव्हा हिचं त्यांनी दारावर लावलं.

ती काय म्हणाली हे मला फार उशिरा समजलं. सरांच्या उपक्रमावर माझा एक आक्षेप आहे आणि त्यांच्यावरच्या प्रेमापोटीच तो इथं मांडते. ‘घरातलं आणा’ म्हटलं की पोर बापाच्या धंद्याला चिकटतं. कोल्हापुरात गल्ली सांगितली की धंदा कळतो आणि धंद्यावरून पुढचं सगळं. त्या पोरीनं ते ओळखलं होतं.

सरांनाही ते मागाहून जाणवलं असावं, कारण पुढच्या महिन्यात ते आम्हाला टाऊन हॉलच्या म्युझियममध्ये घेऊन गेले. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती दाखवली. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी! मग आबालाल रहिमानांची चित्रं. मुंबईला जे. जे. कलाशाळेत शिकून हा माणूस कोल्हापुरात परतला आणि कोटितीर्थ, रंकाळा रंगवत राहिला. बाहेर पायऱ्यांवर बसून सरांनी बाबूराव पेंटरांचं सांगितलं. आडनाव मेस्त्री, घरात कारागिरी. पण नाटकाचे पडदे रंगवता रंगवता लोकांनी ‘पेंटर’ केलं, पुढं स्वतः कॅमेरा घडवला, ‘सैरंध्री’ हा चित्रपट काढला 1920 मध्ये. “मेस्त्रीचे पेंटर झाले, पण हात मेस्त्रीचाच राहिला,” सर म्हणाले. सायकलवालीकडे बघून म्हणाले, हे मी शपथेवर सांगते.

काही पालकांनी तक्रार केली, परीक्षेच्या तोंडावर हा कचरा कशाला म्हणून. ए ग्रेड त्या वर्षी कमी आल्या. त्यावर फार बोलण्यासारखं नाही.

मी आता एका शाळेत अंशकालीन कला निदेशक आहे. पट शंभरावर असेल तरच आमची नेमणूक, त्यामुळे जूनमध्ये पोरं मोजायला मी मुख्याध्यापकांच्याही आधी जाते! ‘मी’ हा विषय दरवर्षी देते. पहिल्या वर्षी मुलांनी स्टेशनरीतून दहा रुपयांचे छापील ‘माझे कुटुंब’ तक्ते आणले, कापले, चिकटवले. आता दुकान बंदची अट मी सगळ्यात वर लिहिते. ‘घरातलं’ हा शब्द काढून टाकलाय. ‘तुझ्या हाताला जे लागतं ते’ असं म्हणते. एका मुलीनं महापुरानंतर भिंतीवर राहिलेल्या गाळाच्या रेषेचा ठसा आणला होता. एकानं मोबाइलच्या फुटक्या काचेतून आपली बोटं छापली. दोन्हींत धंदा नव्हता, गल्ली नव्हती, आणि पोरं मात्र लख्ख ओळखू येत होती.

महोत्सवाच्या प्रदर्शनात गुणवंतांचे फोटो लागणार आहेत असं ऐकते. लावा. पण जुन्या ड्रॉइंग हॉलची एक भिंत सध्याच्या आठवीला द्यावी, अशी समितीला विनंती आहे. वेणीवाल्या वर्गमित्राशी बोलणं झालंय, तो कातड्याचे तुकडे पाठवतो म्हणाला. खळ मी शिजवून आणीन. हॉलमागचा नळ तेवढा दुरुस्त करून घ्या. गेल्या वर्षी आले तेव्हा तो बंद होता, आणि पन्नास पोरांचे हात धुवायचे आहेत.