ॲल्युमिनियम गप झालं

विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी, अंध मुलांच्या निवासी शाळेत मी विज्ञान शिकवते. उष्णतेच्या वहनाची फळ्यावर काढायची आकृती माझ्या वर्गात कामाची नाही. म्हणून मी एक पाटी करून घेतली होती. लांब प्लायवर पाच चौकोनी तुकडे बसवले: ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील, काच, शहाबादी फरशी आणि सागवान. सगळे दोन इंचांचे, पाव इंच जाड. खरखरीतपणावरून ओळख पटू नये म्हणून वरून पुस्तकांना घालतो तसला पातळ चिकट प्लास्टिकचा पापुद्रा चढवला. नखाने टकटक करायची नाही, एवढाच नियम.

डिसेंबरात हा पाठ घेतला तेव्हा सकाळी वर्गात 15 अंश होते. पहिल्या मुलाला काहीच ओळखता येईना. तो नुकताच हात धुऊन आला होता, बोटं बर्फासारखी झाली होती. तळहात चोळून ऊब आणल्यावर त्याला फरक कळू लागला. त्याच क्षणी मी थांबून विचार करायला हवा होता. केला नाही.

काच आणि शहाबादीत सगळेच चुकायचे. ॲल्युमिनियम आणि स्टीलमध्येही गफलत व्हायची, पण सातवीतल्या एका मुलीची कधीच नाही. ती बोट ठेवून मनात तीन मोजायची. मी विचारलं, तर म्हणाली, "स्टील हळूहळू बोटाच्या ओळखीचं होते जी. ॲल्युमिनियम होत नाही, ते आपलं गारच बोलत राहते." तिचं निरीक्षण अगदी खरं होतं. ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या जवळपास पंधरापट वेगाने उष्णता वाहून नेतं. स्टीलचा पृष्ठभाग बोटाखाली थोडा तापतो. ॲल्युमिनियममध्ये मात्र बोटाची ऊब क्षणात सगळ्या तुकड्यात पसरून जाते.

मी मुलांना सोपं करून सांगितलं होतं: जे जास्त गार लागतं तो धातू, जे कमी गार लागतं ते लाकूड. मुलांनी ते पाठ केलं. बर्फाचा प्रयोगही केला होता. एक खडा पोळपाटावर, एक उपड्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर. पातेलं गार लागतं म्हणून त्याच्यावरचा बर्फ जास्त टिकेल असं सगळ्यांनी सांगितलं, आणि पातेल्यावरचाच आधी विरघळला. मुलं हरखून गेली. पातेलं आणि पोळपाट एकाच तापमानाला आहेत, पातेलं फक्त उष्णता भराभर देतं-घेतं, हे मी तेव्हा सांगितलं. पण मुलांच्या बोटांत राहिला तो आधीचा सोपा नियमच.

एप्रिलच्या मध्यावर शाळेला मदत करणारे काही पाहुणे येणार होते. शाळा सकाळपाळीची, पण त्यांना उशीर झाला, म्हणून मुलांना दुपारपर्यंत थांबवलं. मी पाटी टेबलावर मांडली आणि त्या मुलीला पुढे बोलावलं. तिच्याबद्दल मला खात्री होती.

तिने पहिल्या तुकड्यावर बोट ठेवलं. तीन मोजले. दुसऱ्यावर गेली, परत पहिल्यावर आली. पाचही तुकडे दोनदा फिरली. मग हात मागे घेऊन हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, सगळे सारखेच लागून राहिले. ॲल्युमिनियम गप आहे आज."

मी म्हटलं, नीट बघ. तिने पुन्हा बोटं फिरवली आणि घाबरून सागवानाला स्टील म्हणून मोकळी झाली. एक पाहुण्या मायेनेच म्हणाल्या, "असू दे बाळा, पाठ झालं नसेल." मुलगी काही बोलली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली. पाठ करून सांगायचं असतं तर ती कधीच चुकली नसती. तुकड्यांचा क्रम तिला तोंडपाठ होता. तरी तिने बोटाला जे लागलं तेच सांगितलं होतं. आणि मीच तिला "नीट बघ" म्हणाले होते.

आमच्याकडे बोलणारा थर्मामीटर आहे. मी त्याची तार ॲल्युमिनियमला टेकवली. यंत्र बोललं, "चौतीस." सागवानाला टेकवली, "चौतीस." मग मुलीच्या बोटाच्या टोकाला. पुन्हा "चौतीस."

आपली त्वचा वस्तूचं तापमान मोजत नाही. त्वचेतले ग्राहक, म्हणजे गार-गरम टिपणारे संवेदक (रिसेप्टर), स्वतःच्याच तापमानाला, त्यातल्या बदलाला प्रतिसाद देतात. तापमानाच्या आणि स्पर्शाच्या ग्राहकांच्या शोधासाठीच डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. गारवा टिपणारा ग्राहक बाममधल्या मेंथॉललाही प्रतिसाद देतो, म्हणून कपाळ थंड न होताही बाम गार लागतो. बोट 33 अंशांचं आणि खोली 20 अंशांची असेल, तर स्टीलला टेकताच बोटाचा पृष्ठभाग 22 च्या आसपास उतरतो. लाकडाला टेकला तर 30 च्या आसपास थांबतो. स्टील आणि लाकूड दोन्ही 20 अंशांचेच असतात. आपण "गार" म्हणतो ते आपल्याच बोटाला. पण बोट आणि वस्तू एकाच तापमानाला आले की देणं-घेणं थांबतं. मग कितीही सुवाहक धातू असो, त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

मी सगळ्यांसमोर सांगितलं की हिचं उत्तर बरोबर होतं, आणि हिला अर्धवट नियम शिकवणारी मी चुकले होते. पाहुण्यांनी स्वतः बोटं लावून पाहिली. पण मला त्यांच्यापेक्षा तिचा चेहरा महत्त्वाचा होता. तो अजून मोकळा झाला नव्हता.

चार वाजता मी तिला आणि पाटीला घेऊन मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तिथे 41 अंश होते. पाटी अर्धा तास तिथेच ठेवली, मग तिला बोट ठेवायला सांगितलं. ॲल्युमिनियमवर ठेवताच तिने हात मागे घेतला, आणि हसली. "आता बोलते! पण गरम बोलते." सागवान तिला जेमतेम कोमट लागला. डिसेंबरात सर्वांत गार लागणारा तुकडा आता सर्वांत गरम, तेव्हा सर्वांत कमी गार लागणारा आता सर्वांत कमी गरम. क्रम तोच, फक्त उष्णतेचा प्रवाह उलटा झालेला. आधी ती बोटातून तुकड्यात जात होती, आता तुकड्यातून बोटात येत होती. हे तिला सांगावं लागलं नाही, तिनेच मला सांगितलं.

मग तिने विचारलं, "म्हणून गेटजवळचा कठडा भाजते, आणि दार भाजत नाही का जी?" कठडा लोखंडी, दार लाकडी, दोन्ही दिवसभर उन्हात. दोन्ही 60 अंशांपर्यंत तापले असं धरलं, तर लाकडाला टेकलेलं बोट 40 च्या आसपास राहतं. लोखंडाला टेकलेलं 58 च्या आसपास जातं. त्वचेला वेदना व्हायला साधारण 43 ते 45 अंश पुरतात. तो कठडा ही मुलं वाट काढायला रोज धरतात. डोळसांना ऊन दिसतं, ते हात आखडता घेतात. मुलांना मात्र ते धरल्यावरच कळतं. कितीतरी उन्हाळे आम्ही "जपून धरा रे" एवढंच म्हणत आलो होतो. त्याच आठवड्यात आम्ही कठड्याला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळून घेतली. गुंडाळताना एक टोक तिने धरलं होतं.

सुट्टी लागेपर्यंत पाटी तिच्याच ताब्यात राहिली. ती रोज दर वीस मिनिटांनी वर्गात येऊन बोट लावायची आणि ब्रेलमध्ये वेळ टोचून ठेवायची. घरी जाताना तिने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. तारखा आणि वेळा होत्या. ऊन वाढत गेलं तशी वेळ अलीकडे सरकत आली होती: साडेअकरा, अकरा, मग दहा वाजून चाळीस मिनिटं. प्रत्येक वेळेपुढे तिने एकच शब्द टोचला होता: गप.