दोन बोटं डावीकडे

धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हायवे एकमेकांना छेदतात. त्यामुळे आमच्या गॅरेजला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. गाड्या चारही बाजूंनी येतात, आणि बऱ्याचशा वाटेत कुणीतरी आधीच हात लावून पाहिलेल्या असतात. माझ्याकडे स्टेअरिंग आणि अलाइनमेंटचं काम असतं. ट्रक जास्त, कार क्वचित.

त्या दिवशी गाडीच्या आधी शेठचा फोन आला. सहाचाकी गाडी, इंदूरला माल उतरवून रिकामी परत येत होती आणि रात्री पिंपळगाव बसवंतला कांदा भरायचा होता. "स्टेअरिंग जरा डावीकडे राहतंय. काढून एक खाच फिरवून बसवून द्या. अर्ध्या तासाचं काम आहे, मशीनबिशीन काही नको." मी म्हटलं, गाडी येऊ द्या, बघतो. पण 'एक खाच' (स्टेअरिंग ज्या शाफ्टवर बसतं त्याचा एक दाता) हा शब्द डोक्यात राहिला. मालकाला खाचेपर्यंतची माहिती असते ती सहसा त्या कामाचे पैसे त्याने आधी एकदा मोजलेले असतात म्हणून.

ड्रायव्हर पन्नाशीचे होते. क्लीनर त्यांना नाना म्हणत होता, मीही तेच म्हणू लागलो.

"नाना, गाडी एका बाजूला ओढते का?"

"ओढत नाही. स्टेअरिंग सोडलं तरी नीट जाते. फक्त असं धरावं लागतं." त्यांनी डावी दांडी दोन बोटं खाली करून दाखवली. "सवय झाली आता. पण रात्री डोळ्यावर पेंग आली की हात आपोआप ते सरळ करायला जातो, आणि गाडी डिव्हायडरकडे निघते."

हे ऐकल्यावर अर्ध्या तासाचं काम माझ्या मनातून गेलं. गाडी ओढणं आणि स्टेअरिंग वाकडं राहणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. ओढत असेल तर टायरची हवा, ब्रेक, किंगपिन (ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं ती), कॅस्टर (त्या खिळीचा कल) असा तपास लागतो. गाडी सरळ जात असेल आणि स्टेअरिंगच वाकडं असेल, तर एक तर वरचं चाक किंवा मधली जोडणी जागेवर नाही, नाहीतर पुढची चाकं बॉडीच्या मानाने थोडी वळलेली राहूनच गाडी सरळ धावते आहे. यातलं कोणतं आणि का, हा खरा प्रश्न. ट्रकचं स्टेअरिंग साधारण वीस अंश फिरतं तेव्हा चाक जेमतेम एक अंश वळतं. म्हणजे खाली मिलीमीटरात असलेला दोष वर ड्रायव्हरच्या हातात बोटांनी मोजण्याएवढा होऊन येतो. स्टेअरिंग काढून फिरवून बसवणं म्हणजे वजनकाट्याचा काटा वाकवून माल बरोबर भरल्याचं समाधान मानणं.

कारवाल्यांसाठी एक सांगतो. कारमध्ये दोन्ही बाजूंचे टाय रॉड कमीजास्त करून स्टेअरिंग मध्यावर आणतात. ट्रकला पुढे एकच सरळसोट एक्सल असतो. दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड फक्त टो, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे किती वळलेली ते, ठरवतो. स्टेअरिंग बॉक्समधून निघालेला ड्रॉप आर्म ड्रॅग लिंक नावाच्या सळईला ढकलतो आणि ती उजव्या चाकाला वळवते. मधे आणायचं असेल तर लांबी ड्रॅग लिंकची बदलायची, टो हलत नाही. स्टेअरिंगला हात लावायची गरजच पडत नाही. आमच्या पोरांना मी पहिल्या दिवसापासून हेच सांगतो: स्टेअरिंगचा नट खोलायचा नाही. बॉक्सच्या आतल्या दात्यांची घट्ट पकड मध्यावर असते. वरचं चाक फिरवून बसवलं की डोळ्याला सरळ दिसतं, पण खाली बॉक्स मध्यापासून सरकलेल्या जागी चालतो. हायवेवर सगळा वेळ तर सरळच जायचं असतं.

नेहमीचं आधी पाहिलं. किंगपिनमध्ये खेळ नाही. टाय रॉड एंड ठीक. ड्रॅग लिंक वाकलेली नाही, तिच्या क्लॅम्पवर जुना मळ जसाच्या तसा, म्हणजे तिला कुणी हात लावलेला नव्हता. ड्रॉप आर्मची खूण शाफ्टच्या खुणेसमोर. पुढचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जागेवर. टो मशीनवर बरोबर आला. आमचं मशीन जुनं, त्याची डोकी फक्त पुढच्या चाकांना लागतात. मशीनच्या मते गाडी निरोगी होती.

मग मी गाडीभोवती एक चक्कर मारली. डाव्या मागच्या बाहेरच्या टायरची साइड वॉल घासून पांढुरकी झाली होती. नानांना विचारलं. म्हणाले, "टोलच्या कठड्याला लागतं. आधी नव्हतं लागत. वय झालं, दुसरं काय."

वयाचा काही संबंध नव्हता. क्लीनरला दोन बादल्या पाणी आणायला सांगितलं. आवारातल्या काँक्रीटवर ते पसरलं आणि नानांना त्यातून गाडी सावकाश, अगदी सरळ पुढे काढायला लावली. ओले पट्टे उमटले. मागच्या जोडटायरच्या पट्ट्यांचा पुढच्या टायरच्या पट्ट्याशी जो मेळ उजवीकडे असतो तोच डावीकडे हवा. इथे मागची जोडी दोन्हीकडे चांगली चार बोटं डावीकडे गेलेली. गाडीचं तोंड उजवीकडे, शेपूट डावीकडे, आणि त्या अवस्थेत ती इंदूरहून सरळ येत होती. नाना खाली उतरून बराच वेळ पट्ट्यांकडे बघत राहिले. "म्हणजे टोलला मी बरोबर होतो," एवढंच म्हणाले.

आता मोजमाप. यासाठी मला ओळंब्यापेक्षा भरवशाचं काही सापडलेलं नाही. चारही हबच्या मध्यावरून ओळंबे सोडले, फरशीवर खडूने खुणा केल्या आणि टेप लावला. पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंतचं अंतर डावीकडे उजवीपेक्षा 28 मिलीमीटर जास्त. पुढचा एक्सल पुढे सरकला की मागचा मागे, हे एवढ्यावरून कळत नाही, म्हणून पाट्याच्या ब्रॅकेटपासून एक्सलपर्यंतची मापं वेगळी घेतली. पुढे दोन्हीकडे सारखी. मागचा एक्सल डाव्या टोकाला मागे गेला होता.

एक्सलचं डावं टोक मागे गेलं की मागची चाकं डावीकडे तोंड करतात. गाडी जाते चाकांच्या दिशेने, बॉडीच्या नाही. मग पुढच्या चाकांनाही तेवढंच डावीकडे वळून राहावं लागतं, आणि वर डावी दांडी खाली येते. दहाचाकी असती तर मागचे दोन एक्सल एकमेकांशी भांडले असते आणि टायर इतक्या लवकर खाल्ले गेले असते की शेठ स्वतः गाडी घेऊन आले असते. सहाचाकीचा एकटा एक्सल आपल्या दिशेने निमूट चालतो, टायर फारसे झिजत नाहीत. म्हणून तर दुखणं लपून राहतं.

खाली शिरलो. पाटा एक्सलला आवळणाऱ्या डाव्या यू बोल्टच्या आसपास लालसर पूड, आणि पाटा जिथे बसतो तिथे लोखंड घासून चकचकीत झालेलं. नटावर पाना लावला तर तो जोर न लावता फिरला.

"नाना, पाट्याचं काम कधी केलं होतं?"

"दिवाळीनंतर. डावा मेन पाटा तुटला होता."

"आणि नंतर यू बोल्ट ताणले?"

"बसवताना ताणले ना."

हेच ते. पाटा एक्सलवर सेंटर बोल्टने धरलेला असतो असं बहुतेकांना वाटतं. सेंटर बोल्ट फक्त जागा दाखवतो, त्याचं डोकं खालच्या भोकात बसतं. धरून ठेवतात ते यू बोल्ट, त्यांच्या दाबाने. नवे पाटे माल पडला की एकमेकांवर बसतात, यू बोल्ट सैल होतात, म्हणून पहिल्या हजार किलोमीटरच्या आत, गाडीचं वजन पाट्यावर असताना, ते पुन्हा ताणायचे असतात. हे कुणी करत नाही. गाडी रस्त्यावर असली की शेठला पैसे मिळतात, गॅरेजात नाही. सैल बोल्टवर सगळा मार त्या बोटभर जाडीच्या सेंटर बोल्टवर येतो. मागच्या चार टायरच्या एक्सलवर पूर्वी 10.2 टन चालायचे, 2018 पासून नियमानेच 11.5 टन चालतात, आणि कांद्याच्या हंगामात नियम किती पाळला जातो ते सगळ्यांना माहीत आहे. त्यावर इंदूरच्या वाटेवरच्या बिजासन घाटाचा उतार. ब्रेक लागला की एक्सल मागे खेचला जातो. कधीतरी सेंटर बोल्ट कापला गेला आणि त्यानंतर डावं टोक हळूहळू सरकत राहिलं.

शेठना फोन केला. पहिलं उत्तर अपेक्षेप्रमाणे: "मी स्टेअरिंगचं काम सांगितलं, तुम्ही मागचा एक्सल काढून बसलात." मी ओल्या पट्ट्यांचा फोटो पाठवला. टेपचाही. थोड्या वेळाने नुसतं 'करा' असा मेसेज आला. नानांनी फोन हातात घेऊन तो मेसेज वाचला आणि क्लीनरला चहा सांगायला पाठवलं.

चेसिस घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, घेतली. यू बोल्ट कापूनच काढले. एकदा ताणले गेलेले बोल्ट परत वापरणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, आमच्याकडे नवे टाकतो. पाटा उचलला तेव्हा सेंटर बोल्टचं डोकं भोकात तसंच बसलेलं होतं आणि बाकीचा बोल्ट पाट्याबरोबर वर आला. दोन्ही तुकडे नानांच्या हातावर ठेवले. एक्सलवरचं भोक सुदैवाने शाबूत होतं, मधली प्लेट झिजली होती ती बदलली. साखळी आणि जॅक लावून डावं टोक पुढे आणलं, नवा बोल्ट भोकात बसवला, गाडी चाकांवर सोडून यू बोल्ट तिरपे-तिरपे थोडे थोडे ताणत नेले. उजवी बाजूही खोलून पाहिली, तिथे बोल्ट अखंड होता, पण नट तिथलेही पाना लावला की फिरत होते. ओळंबे पुन्हा सोडले. फरक दोन मिलीमीटर. सहाचाकीला याहून जास्त काय मागायचं.

नाना गाडी सर्व्हिस रोडला घेऊन गेले. मी शेजारी बसलो होतो. गाडी सरळ धावत होती आणि स्टेअरिंगची उजवी दांडी दोन बोटं खाली होती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही बोलले नाहीत, पण दिवसभराची सगळी अदब त्या एका नजरेतून गळून पडली. "मिस्तरी, ही तर दुसरीकडे गेली."

मला हसू आलं, आणि त्यांना ते आवडलं नाही. सकाळी फोनवर ऐकलेली ती खाच आता समोर आली होती. एक्सल थोडा सरकलेला असताना कुणीतरी वाटेत स्टेअरिंग काढून एक खाच उजवीकडे बसवलं होतं. काही दिवस ते सरळ दिसलं. खाली सरकणं चालूच होतं, म्हणून दोन बोटं पुन्हा डावीकडे आली. आता एक्सल जागेवर बसल्यावर त्या खाचेचा हिशेब उलटा दिसत होता. नानांना विचारलं, तर थोडं घुटमळून म्हणाले, "हो, केलं होतं एका ठिकाणी. शेठनेच सांगितलं होतं सांगू नका म्हणून."

तरी मी लगेच नट खोलला नाही. ड्रॅग लिंक सोडली, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले आणि बरोबर निम्म्यावर आणलं. चाकं सरळ केली. ड्रॅग लिंक न ओढता, न ढकलता आपल्या जागी बसली. म्हणजे खालचं सगळं जिथे हवं तिथेच होतं, खोटं फक्त वरचं चाक होतं. मग पुलर लावून ते काढलं. शाफ्टवरची खूण आणि चाकावरची खूण यांच्यात नेमका एका खाचेचा फरक. आमचा एक पोरगा मागे उभा राहून मोठ्याने म्हणाला, "उस्ताद, नट खोलायचा नाही ना?" त्याला स्टेअरिंग धरायला लावलं.

अंधार पडता पडता गाडी पिंपळगावकडे निघाली. नानांना बजावलं होतं की माल भरून परत इथूनच जाणार आहात, तर थांबायचं. ते थांबतील असं मला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी कांद्याने भरलेली गाडी दाराशी उभी होती. भरल्या गाडीखाली शिरून यू बोल्टना पाना लावला. नवे असूनही प्रत्येक नट जवळजवळ पाव फेरा गेला. नाना वाकून बघत होते, त्यांनी तो पाव फेरा बोटाने दाखवत शेठना व्हिडिओ काढून पाठवला.

पाचेक मिनिटांत शेठचा फोन. आभार वगैरे नाही. त्यांच्या दुसऱ्या गाडीचं स्टेअरिंग उजवीकडे राहतं, ती गुरुवारी सुरतहून येणार आहे, लावू का तुमच्याकडे? मी म्हटलं, लावा. आणि तिचं स्टेअरिंग आधी कुठे काढलं होतं का, ते ड्रायव्हरला खरं सांगायला सांगा.