दारावरची चिठ्ठी

स्टॉकहोमला आलो त्या पहिल्याच ऑक्टोबरात आमच्या बिल्डिंगच्या दारावर आतून एक चिठ्ठी चिकटवलेली दिसली. वहीचा फाडलेला कागद, निळ्या पेनाची अक्षरं. स्वीडिश तेव्हा येत नव्हतं, म्हणून फोनवर भाषांतर केलं. 'शनिवारी माझा तिसावा वाढदिवस आहे. थोडा आवाज होईल. जास्त वाटला तर बेल वाजवा, नाहीतर या नंबरवर मेसेज करा.' खाली नाव, मजला, नंबर. जिना चढायचं सोडून मी ती दोनदा वाचली.

डोळ्यासमोर आलं ते भारतातल्या, प्रतापनगरच्या आमच्या घरामागचं लग्नाचं लॉन. बाबांची बायपास झाली त्या वर्षी मे महिन्यात तिथे रात्री साडेअकरापर्यंत डीजे चालायचा. कूलरच्या घरघरीवरही तो धडधडाट ऐकू यायचा, खिडकीची काच थरथरायची, आणि बाबा छातीवर हात ठेवून पलंगावर बसून राहायचे. एका रात्री मी सांगायला गेलो, तर उत्तर मिळालं, "लग्न काय रोज रोज होते का भाऊ?" पोलिसांना फोन केला, ते आले, आवाज कमी झाला, गाडी वळली तसा पुन्हा सुरू. सकाळी पानठेल्यावर कुजबुज कोणाची, तर माझी. तक्रार करणारा म्हणून.

नियम आपल्याकडे नाहीत असं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. निवासी भागात दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र असू शकतं. सणासमारंभांसाठी राज्य सरकार 12 वाजेपर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षाला जास्तीत जास्त 15 दिवस.

इथल्या भाडेकराराच्या कायद्यात तर वेळच लिहिलेली नाही. बऱ्याच बिल्डिंगच्या नियमावलीत रात्री 10 नंतर शांतता असं असतं, पण शेजाऱ्याला त्रास द्यायचा नाही हे दुपारी तीनलाही लागू. ऐकलं नाही तर घरमालक लेखी ताकीद देतो, पालिकेच्या समाजकल्याण खात्याला कळवतो, आणि तरीही थांबलं नाही तर घर जाऊ शकतं. रात्रीसाठी बऱ्याच ठिकाणी एक नंबर असतो, त्याला 'स्टोर्निंग्सशूर' म्हणतात. फोन केला की माणसं येतात, आधी तक्रार करणाऱ्याच्या घरात उभं राहून आवाज ऐकतात आणि मगच दुसरं दार वाजवतात.

ते दार एकदा आमचं होतं. कोजागिरीला पंधरा मराठी मंडळी जमली होती, मसाला दूध उकळत होतं, गाणी रंगली होती. पावणेअकराला बेल वाजली. दोघं जण, अगदी शांतपणे बोलले. मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी चिवड्याचा डबा घेऊन वरच्या मजल्यावर गेलो. त्या बाई नर्स आहेत, त्यांची ड्युटी पहाटेची. त्यांनी डबा घेतला आणि म्हणाल्या, "आधी सांगितलं असतं तर मी कानात बोळे घालून झोपले असते." एवढंच. तेव्हा मला त्या चिठ्ठीचा अर्थ लागला. आपल्याकडे त्रास होतो त्याने उठायचं, जायचं, वाईट व्हायचं. इथे आवाज करणारा आधी येतो.

सिगारेटचंही तसंच. 1 जुलै 2019 पासून इथे बसस्टॉप, रेल्वे फलाट, खेळाची मैदानं, हॉटेलच्या बाहेरच्या टेबलांवरही बंदी आहे. आणि ओढणाऱ्याला दंड नाही! जागा ज्याच्या ताब्यात, त्याची जबाबदारी, त्यानेच सांगायचं. आपल्याकडे 2 ऑक्टोबर 2008 पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे, बसस्टॉपही त्यात येतो, दंड 200 रुपयांपर्यंत. तरी मागच्या खेपेला बसस्थानकावर, बरोब्बर पाटीखाली, एक जण बिडी ओढत होता आणि आई नाकाला पदर लावून बाजूला सरकली. सरकली आईच. मला ते फार लागलं. इथे मागच्या जानेवारीत एका म्हाताऱ्याने स्टॉपवर सिगारेट काढली, माझ्या मुलीची बाबागाडी पाहिली, आणि कोणी काही न बोलता बर्फातून दहा पावलं पलीकडे गेला.

डिसेंबरात मामेबहिणीची हळद आमच्याच अंगणात आहे. सुट्टी नाही, मला जमणार नाही. फोनवर आईला चिठ्ठीचं सांगितलं तर म्हणाली, "चिठ्ठी काहून? मी जाते ना घरोघरी." समोर बारावीची मुलगी आहे, बाजूला बाळंतीण, कोपऱ्यावरच्या काकांना झोपेचा त्रास. तिघांकडे ती आधीच जाऊन आली. डीजेवाल्याकडून दहाला बंद असं लिहून घेतलंय, आणि शेजाऱ्यांना नंबर माझा दिलाय. तिकडचे रात्रीचे दहा म्हणजे इथले संध्याकाळचे साडेपाच. फोन हातातच ठेवणार आहे.