पाऊणकी

माझे आजोबा चौथी शिकले आणि गिरणीत लागले. शाळेतल्या शिक्षणापैकी त्यांच्यापाशी शेवटपर्यंत दोनच गोष्टी टिकल्या. एक मोडीतली सही, आणि दुसरी पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा. सहीचा उपयोग पोस्टात व्हायचा. पाऊणकीचा उपयोग मे महिन्यात, आमच्यावर.

गुहागर तालुक्यातलं आमचं गाव समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. डोंबिवलीहून रात्रीच्या एसटीनं निघायचं, घाटात ओकायचं, सकाळी अंगणात उतरायचं आणि पिशव्या टाकून पहिला प्रश्न विचारायचा, "आबा, समुद्रावर कधी जायचं?" आबा घड्याळाकडे बघायचे नाहीत. भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी जायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि पुटपुटायचे, "षष्ठी. सहा पाऊणे साडेचार. साडेचारला भरती, म्हणजे सुकती दहा-साडेदहाला. उन्हात भाजून घ्यायचं असेल तर जा, नायतर गप आंबे चोखा."

आम्ही गप आंबे चोखायचो. हापूस नव्हे. तो पेटीत बसून मुंबईला जायचा. आमच्या वाट्याला रायवळ, बादलीभर पाण्यात टाकलेला.

हिशेब इतकाच. तिथीला पाऊण तासानं गुणायचं, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. दुपारी तीन तसेच पहाटेचेही तीन, कारण भरती दिवसातून दोनदा. मध्ये साधारण सहा तासांनी ओहोटी, आमच्याकडची सुकती. चंद्र रोज थोडा पुढे सरकतो, त्याला गाठायला पृथ्वीला रोज पन्नासेक मिनिटं जास्त फिरावं लागतं, म्हणून भरती रोज तेवढी उशिरा येते, हे मला पुढे भूगोलाच्या बाईंनी सांगितलं. पन्नास आणि पंचेचाळीस यांतला फरक साठत जातो आणि पंधरवड्याच्या शेवटी आबांचा हिशेब चांगलाच मागे पडतो, हे मी एकदा मोठ्या ऐटीत त्यांना ऐकवलंही. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. "पुनवेला आणि अवसेला गुणायचं नसतं," म्हणाले. "सरळ बारा धरायचे."

गावातली उन्हाळ्याची सगळी मौज या पाऊणकीवर टांगलेली होती, आणि हे समुद्रावर येणाऱ्या पाहुण्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही. ते येतात शनिवार-रविवार बघून. समुद्राला रविवार माहीत नाही. अष्टमीच्या संध्याकाळी आलेले लोक सुरूच्या बनाशी चिकटून उभे राहतात. वाळूचा अरुंद पट्टाच शिल्लक असतो, क्रिकेट खेळायचं कुठे? 'फोटोत केवढा मोठा दिसत होता हो बीच,' असं म्हणत बिचारे भेळ खातात. तोच समुद्र पौर्णिमेच्या संध्याकाळी सहाला इतका आत गेलेला असतो की पाण्यापर्यंत चालत जाताना पोरं कंटाळतात. ओली, कडक, आरशासारखी वाळू. पश्चिमेला सूर्य टेकलेला आणि मागे डोंगरावर, माडांच्या वर, चंद्र. दोघंही एकाच वेळी त्या वाळूत दिसतात. ही संध्याकाळ महिन्यातून एकदा फुकट मिळते. त्यासाठी रजा टाकावी असं मला कायम वाटत आलं आहे. आमच्या ऑफिसात रजेच्या अर्जावर कारण म्हणून पौर्णिमा चालत नाही.

हेदवीची बामणघळ घ्या. उमामहेश्वराच्या देवळाजवळ किनाऱ्यावरच्या कातळात ही लांबट, अरुंद भेग आहे. भरतीच्या वेळी लाट तिच्यात घुसते, कोंडते आणि फवारा होऊन उंच उडते. आवाज छातीत लागतो. पण हे भरतीला. सुकतीच्या वेळी गेलात तर ती नुसती एक भेग आहे, खाली जरासं पाणी आणि एखादा खेकडा. मी एकदा डोंबिवलीच्या शेजारणीला अगत्यानं घेऊन गेले आणि तिथी बघायची विसरले. ती बराच वेळ खाली वाकून पाहत होती. मग म्हणाली, "छान आहे." त्या 'छान'चा सूर मला अजून ऐकू येतो.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचं नेमकं उलटं. तिथे चालत जायचं तर सुकती हवी. चतुर्थी-पंचमीला सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला जाऊन यावं, ऊन तापायच्या आत परत. सिंधुदुर्ग आणि जंजिऱ्याला हा प्रश्न येत नाही, तिथे होडीच. त्यातून मालवणकडे पाणी चढतं-उतरतंच कमी. उत्तरेला खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं म्हणून तिकडे भरती फुगते. मुंबईत साडेचार मीटरच्या वर भरती गेली की पावसाळ्यात बातमी होते, ती त्यातलीच. आमचा गुहागरचा किनारा मधला. जीव घेण्याइतका नाही, पण अद्दल घडवण्याइतका नक्की.

ती अद्दल आमच्या घरात माझ्या नवऱ्याला घडली.

हे मूळचे देशावरचे. पाणी म्हणजे विहिरीचं, फार तर कॅनॉलचं. नवी गाडी घेतल्यावर पहिल्याच मे महिन्यात गावी आलो आणि संध्याकाळी पाचला हे गाडी घेऊन थेट वाळूत उतरले. मामा नको नको म्हणत होता. "अहो मामा, रस्त्यापेक्षा कडक आहे ही वाळू," असं म्हणून यांनी गाडी पाण्याकडे पाठ करून लावली, डिकी उघडली, चटई पसरली. मी पोहे काढले. मुलीनं किल्ला करायला घेतला. पाणी चांगलं चाळीस-पन्नास पावलं लांब होतं.

भरती पहिल्या तासाला अंग मोडत उठते. तिसऱ्या-चौथ्या तासाला मात्र धावत येते. त्या दिवशी दोनच्या सुमाराला सुकती होऊन गेली होती, म्हणजे आम्ही चटई पसरली ती बरोबर पाणी धावायच्या वेळेला. आधी मुलीचा किल्ला गेला. ती रडली, आम्ही हसलो. मग चटईची कड भिजली. यांनी गाडी चालू केली. पुढची चाकं जागच्या जागी फिरली आणि मागे ओल्या वाळूचा पिचकारा उडाला, तो माझ्या साडीवर. यांनी अजून जोरात दाबलं. चाकं अजून खाली गेली. लाट येऊन टायरला शिवून जाई तेव्हा टायरच्या भोवतीची वाळू तेवढीच उपसून नेई, आणि गाडी दर लाटेला बोटभर बसे. मी ते अगदी जवळून बघत होते, कारण ढकलायला मागे मीच होते.

बोटीच्या सावलीत जाळं विणत बसलेले एक म्हातारेबाबा सावकाश उठून आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी गाडीला एक फेरी घातली. "गाडीला पवायला शिकवताव काय?" मग माझ्याकडे वळून, "एकादशी हाय आज. आठ-सव्वाआठाची भरती. घरात क्यालेंडर नाय?"

होतं ना. आबांच्या भिंतीवरच होतं. मीही त्यांचीच नात. मला पाऊणकी येत होती आणि मी पोहे ढवळत बसले होते.

पुढे वाडीतली दहा-बारा पोरं आली. त्यांनी टायरमधली हवा निम्मी सोडली, चाकांखाली झावळ्या आणि फळ्या सारल्या, होडीचा जाड दोर बांधला आणि दुसरं टोक ट्रॅक्टरला. गाडी निघाली तेव्हा पाणी दाराच्या खालच्या कडेला लागलं होतं. पोरांनी पैसे घेतले नाहीत, थंडा घेतला. गाडीचा सायलेन्सर पुढच्या पावसाळ्यात गंजून गळाला. तेव्हापासून हे एकादशी कडक पाळतात, म्हणजे त्या दिवशी समुद्राकडे फिरकत नाहीत.

या सगळ्यात माझी सर्वांत आवडती सहल कुठल्याही ट्रॅव्हलवाल्याकडे मिळायची नाही. कालवं, म्हणजे कातळाला चिकटलेले शिंपले, काढायची. त्याला उधाणाची सुकती लागते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी धड बाहेरही येत नाही आणि धड आतही जात नाही. पण पुनव-अवसेच्या आगेमागे ते इतकं आत ओढलं जातं की एरवी कधी न दिसणारे कातळ उघडे पडतात, आणि ते पहाटे. मामी पाचला उठवायची. जुन्या चपला, त्यांना सुतळीचा बंद, कारण कालवांची कड पात्यासारखी कापते. हातात टोकाचं लोखंड, दुसऱ्या हातात डालड्याचा जुना डबा.

कातळावर कालव दिसत नाही. दगडाचाच खडबडीत पापुद्रा वाटतो. मामी वाकते, नेमक्या सांध्यावर टोक ठेवते, एकच टिचकी मारते, वरचं झाकण उडतं. आत राखाडी-पांढरा थेंबाएवढा जीव, तो ती नखानं डब्यात सोडते. टिच्, टिच्, टिच्. तिचं बोलणंही त्याच तालात चालतं, कुणाची सून, कुणाचं बाळंतपण. मी मारलं की सगळं शिंपलं फुटतं आणि कचकच डब्यात जाते. "तुझी वेगळी ठेव गो," मामी म्हणते. तासाभराच्या मेहनतीला एक वाटी भरते. पायाला दोन-चार ओरखडे, त्यात खारं पाणी. मग पाण्याचा आवाज बदलतो. मला कळत नाही, मामीला कळतं. ती पाठ सरळ करते आणि मागे न बघता चालू लागते. घरी कांदा, कैरी आणि तिखट घालून त्या वाटीभर कालवांचं सुकं होतं, नऊ माणसांत. माझ्या वाटणीची मीच खाते, कचकचीसकट.

मेच्या शेवटच्या आठवड्यात हे संपतं. पाणी गढूळ होतं, किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या थांबतात, 1 जूनपासून दोन महिने यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणून बोटी वर ओढून शाकारल्या जातात. घरोघर कोकमाची सोलं पावसाआधी वाळवायची घाई.

आबा जाऊन बारा वर्षं झाली. मुलीच्या फोनवर आता भरतीची वेळ मिनिटासकट येते. मामीकडेही फोन आहे, पण ती तो बोलण्यापुरता वापरते. परवा तिचा आला.

"कधी येताय?"

"शनिवारी निघतो गं मामी. रविवारी सकाळी पोचू."

"रविवार ठेव तिकडे. तिथी कुठली?"

मी कालनिर्णयाचं पान उलटलं. "वद्य द्वितीया."

पलीकडे क्षणभर शांतता. दोन पाऊणे दीड, त्यातून सहा तास मागे.

"मग साडेसातची सुकती. चा घेऊन जाऊ," मामी म्हणाली. "जुन्या चपला आण."