बोट थांबणार नाही

आम्ही सगळे अलास्काच्या क्रूझला गेलो होतो. बंदरावरच्या सहली विकणारा बोटीवरचा काउंटर माणसाच्या भीतीवर चालतो, असं माझं आता ठाम मत आहे. आमच्यामार्फत गेलात आणि परतायला उशीर झाला, तर बोट थांबते. स्वतःहून गेलात तर थांबत नाही. नियम खराच आहे. पण तो सांगताना काउंटरवरची मुलगी असा चेहरा करायची, की आपण अलास्कातल्या कुठल्या तरी धक्क्यावर कायमचे राहणार अशी खात्रीच पटावी. माझा दादा सिअ‍ॅटल सोडल्या संध्याकाळीच घाबरला आणि त्याने जुनोची मेंडेनहॉल हिमनदीची सहल बुक करून टाकली. स्वतःसाठी, वहिनीसाठी आणि आईसाठी. बाबा म्हणाले, "मी हिच्याबरोबर बसने जातो." हिच्याबरोबर म्हणजे माझ्याबरोबर, आणि मी नवरा-मुलांसह सिटी बसने जाणार होते.

जुनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे येणारा एकही रस्ता नाही. यायचं तर विमानाने किंवा बोटीने. जेमतेम बत्तीस हजार वस्ती, आणि आम्ही पोचलो तेव्हा धक्क्याला जहाजांची रांग लागलेली. 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं येऊ द्यायची असं ठरलंय, 2026 पासून सगळ्या जहाजांवर मिळून दिवसाला 16 हजार आणि शनिवारी 12 हजार खाटांची, म्हणजे साधारण तितक्या प्रवाशांची, मर्यादा. ही मर्यादा आहे, लक्षात घ्या! म्हणजे गावाच्या निम्मे पाहुणे रोज जेवणाच्या वेळेला दारात. धक्क्यासमोरच्या दागिन्यांच्या दुकानांतून वाट काढताना मला गावकऱ्यांची मनापासून दया आली. आपणही त्या गर्दीतलेच, हे दोन चौक पुढे गेल्यावर सोयीस्करपणे विसरता येतं.

बसचं तिकीट माणशी 2 डॉलर. दादाच्या सहलीचा आकडा इथे लिहीत नाही, तो हे वाचणार आहे. बसमध्ये आमच्याशिवाय सगळे गावचेच: किराणा घेतलेल्या बायका, कामावरून सुटलेला एक मुलगा, आणि वॉकर घेतलेले एक आजोबा, ज्यांनी बाबांना खुणेनेच शेजारी बसवून घेतलं. दोघे पुढची चाळीस मिनिटं काय बोलले देव जाणे. बाबांचं इंग्रजी कामापुरतं, आजोबांना ऐकू कमी. पण उतरताना दोघांनी हात मिळवले. ड्रायव्हरने परतीला रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं ते न विचारता सांगितलं. बोटीवरच्या चेहऱ्याला चिकटवलेल्या हसण्यापेक्षा मला हे आदरातिथ्य जास्त आवडलं.

बस हिमनदीपर्यंत जात नाही, शेवटचे दोन-अडीच किलोमीटर चालायचं. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना स्प्रूस आणि हेमलॉकची झाडं. मुलांनी अर्धा रस्ता कुरकुर केली, बाबांनी एकदाही नाही.

आणि मग ती समोर येते. तेरा मैल लांबीच्या हिमनदीचं फक्त तोंड दिसतं, मधे राखाडी तळं, उजवीकडे 377 फूट उंचीवरून कोसळणारा नगेट धबधबा. हे तळंसुद्धा शंभरेक वर्षांपूर्वी नव्हतं, बर्फ मागे सरकत गेला तसं ते भरत गेलं. वरच्या अंगाला एका दरीत साठलेलं पाणी 2011 पासून उन्हाळ्यात बर्फाखालून फुटून बाहेर पडतं आणि खालच्या वस्तीत पूर येतो. 2024 च्या ऑगस्टमध्ये तर शेकडो घरांत पाणी शिरलं. आम्ही फोटो काढत होतो त्याच तळ्यातून.

बाबांनी हिमनदीकडे पाच मिनिटं पाहिलं. चांगली आहे म्हणाले. मग ते स्टीप क्रीक नावाच्या ओढ्यावरच्या लाकडी पुलवाटेवर गेले आणि तिथेच राहिले.

ओढा गुडघाभर पाण्याचा. त्यात सॉकाय सामन. समुद्रात हा मासा रुपेरी असतो, अंडी घालायला गोड्या पाण्यात शिरला की अंग लालभडक होतं, डोकं हिरवट, नराची पाठ फुगते आणि जबडा आकड्यासारखा वळतो. गोड्या पाण्यात आल्यावर तो खाणंच सोडतो. अंगातली चरबी जाळत ज्या ओढ्यात जन्मला तिथपर्यंत पोचायचं, मादीने शेपटीने खडीत खड्डा करायचा, अंडी घालायची आणि काही दिवसांत मरायचं. काठाला मेलेले मासे पडलेले होते, वास होता. माझी मुलगी नाक धरून पळाली. बाबा कठड्याला टेकून उभे. एक मासा खडकाच्या आडून वर चढायचा, पाण्याच्या जोराने मागे यायचा, पुन्हा चढायचा. त्याची शेपटी पांढरी पडली होती, कातडं सुटलेलं.

"हा सकाळपासून इथेच असणार," बाबा म्हणाले. आम्हीच दुपारी आलो होतो, तेव्हा हे त्यांना कसं कळलं मी विचारलं नाही.

तेवढ्यात दादाचा गट आला. गाईडच्या हातात पाटी, गटाला तासभराचा वेळ. त्यातली पंधरा मिनिटं स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली, हे वहिनीने येता येताच सांगितलं. आईने मासे पाहिले, "बिचारे," म्हणाली आणि बाकावर बसली. दादाने एका हाताने व्हिडिओ काढला, दुसऱ्या हातातलं घड्याळ बघत. थोड्या वेळाने पाटी हलली. दादा म्हणाला, "बाबा, आमच्याबरोबर चला, बसमध्ये एक सीट रिकामी आहे." बाबांनी मान वळवलीसुद्धा नाही. "तू हो पुढे."

मी, नवरा आणि मुलं धबधब्यापर्यंत चालत जाऊन आलो. तुषारांनी चिंब भिजलो, मुलं खूश. परतलो तर बाबा त्याच जागी, पण डोळे मोठे झालेले. काळं अस्वल आलं होतं. पुलवाट उंच आहे, अस्वल तिच्या खालूनच गेलं, पाण्यात उतरलं, एक मासा उचलला आणि झाडीत शिरलं. एवढंच. बाबांकडे फोन नव्हता, त्यामुळे फोटो नाही. शेजारी कोण होतं? एक जर्मन जोडपं, तेही गेलेलं.

रात्री जेवणाच्या टेबलावर दादा म्हणाला, "बाबा, कुत्रं असेल." बाबांनी सूप संपवलं आणि मग शांतपणे सांगितलं, "तोच मासा नेला. पांढऱ्या शेपटीचा." पुढे कोणी काही बोललं नाही. बोट सुटायच्या दीड तास आधी आम्ही परतलो होतो, हेही मी दादाला ऐकवलं. त्याला ते विशेष आवडलं नाही.

पुढच्या बंदरात, स्कॅगवेत, दादा-वहिनी व्हाइट पास खिंडीच्या रेल्वेत बसले, आम्ही दफनभूमीपर्यंत चालत गेलो. मुलांना सोपी स्मिथ नावाचा 1898 मधला ठग फार आवडला: गावात तारेची लाइन पोचलेली नसताना त्याने तार ऑफिस काढलं होतं आणि घरी खुशाली कळवायला लोक पैसे भरत होते.

ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या राष्ट्रीय उद्यानात बोटीवरच्या कोणालाच उतरता येत नाही, त्यामुळे दादाही निवांत होता. पार्कचे रेंजर छोट्या होडीतून बोटीवर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. 1794 मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं इथे आली तेव्हा हा उपसागर जवळजवळ नव्हताच, सगळा बर्फ. 1916 पर्यंत तो 65 मैल मागे हटला. मार्जरी हिमनदीचा कडा कोसळताना आधी दिसतो आणि गडगडाट नंतर ऐकू येतो. त्यावर डेकवरचे लोक टाळ्या वाजवत होते. मला ते खटकलं.

त्यानंतरच्या केचिकन बंदरात पाऊस. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर, आपल्या कोकणाइतकाच, फक्त बाराही महिन्यांत वाटलेला. पुढे लिहिण्यासारखं भिजण्याशिवाय काही घडलं नाही.

राहता राहिलं कॅनडातलं व्हिक्टोरिया, आणि इथे मला तक्रार करायची आहे. अमेरिकेच्या 1886 च्या एका कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, जहाजाला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं तर मधे परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून सिअ‍ॅटलच्या बहुतेक बोटी संध्याकाळी कॅनडात काही तास टेकतात. तेवढ्यासाठी आपल्या पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो, तुम्ही उतरा वा न उतरा. 100 कॅनडियन डॉलर फी, वर बोटांच्या ठशांचे 85, ढीगभर कागद, आणि अमेरिकेच्या व्हिसाची रामकहाणी वेगळीच. मी तीन महिने हे केलं होतं. आठही जणांसाठी.

संध्याकाळी बोट लागली. सगळे तयार होऊन निघालो, आई बाल्कनीतल्या खुर्चीत शाल घेऊन बसलेली.

"आई, चल. व्हिसा काढलाय तुझा."

"पाय दुखतात गं. आणि कॅनडा बघितला की मी. हा काय, समोर तर आहे."