रात्री लिनक्स, पहाटे दूध

आमच्या घरी, म्हणजे सिडकोत पवननगरला, कॉम्प्युटर एकच आणि तो खरंतर पप्पांचा. त्यांची दुधाची लाईन आहे, पहाटे पावणेपाचला आधी कॉम्प्युटर चालू करतात, एक्सेलमधून त्या दिवसाची यादी प्रिंट करतात, कोणाला किती पिशव्या, कोणाचा खाडा, आणि मग गाडीला क्रेट लावून निघतात. ती शीट मी कॉलेजला असताना बनवून दिलेली, मॅक्रो वगैरे टाकून, त्यामुळे तिचं कौतुक पण मला आणि शिव्या पण मलाच.

मशीन जुनंय. आय५, सहावी जनरेशन, ८ जीबी रॅम. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या जनरेशनपासून पुढची चिप आणि टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे तो विषय बंद, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दिवाळीची सुट्टी होती, फराळ खाऊन खाऊन कंटाळलो होतो, म्हटलं चला लिनक्स मिंट टाकून बघू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टीम.

पप्पांचं काही बिघडायला नको म्हणून आधी व्हर्च्युअलबॉक्स घेतला. म्हणजे विंडोजच्या आतच एका खिडकीत दुसरा कॉम्प्युटर, त्याची हार्डडिस्क म्हणजे आपल्या डिस्कवरची एक मोठी फाइल. नवीन मशीन बनवायला गेलो तर यादीत सगळं ३२ बिटचंच दिसत होतं, ६४ बिटचं नावच नाही. अर्धा तास मी व्हर्च्युअलबॉक्सच काढून परत टाकत बसलो. नंतर कळलं की बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी बंद आहे, ती चालू केली की झालं. एका टिकमार्कचा प्रश्न होता.

व्हीएममध्ये, म्हणजे या खिडकीतल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे स्नॅपशॉट, त्या क्षणाची अख्खी सिस्टीम जशीच्या तशी जपून ठेवायची. एक स्नॅपशॉट घेतला आणि मग मुद्दाम रूट, म्हणजे सगळे हक्क असलेला युजर, होऊन सिस्टीमच्या फाइली उडवल्या, सगळं मेलं, स्नॅपशॉट रिस्टोअर केला, आणि मिंट जसं होतं तसं परत! हे मी तीनदा केलं, कारण नसताना. पण ८ जीबीतले ४ त्याला दिले की विंडोज रडतं आणि ३ दिले की मिंटमधला ब्राउजर रडतो, त्यात ती फाइल होती जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर, मग काय, क्लिक करायचं आणि चहा पिऊन यायचं. शिकायला ठीक, रोज वापरायला नाही.

मग डुअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि मिंट दोन्ही, चालू करताना कुठलं ते निवडायचं. विंडोज ज्यावर आहे ती एसएसडी २५६ जीबीची, एमजी रोडवरून आणलेली, तिच्यात ९० जीबी रिकामी. मिंटला जागा काढायला डिस्क मॅनेजमेंटमध्ये विंडोजचा भाग श्रिंक, म्हणजे लहान, करायला गेलो तर म्हणे फक्त ११ जीबी काढता येतील. आता ९० रिकामी असताना ११ का? तर विंडोजच्या काही फाइली, हायबरनेशनची (झोपताना रॅममधलं साठवायची), पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची), रिस्टोअर पॉइंट, या कुठेतरी मधेच ठाण मांडून बसतात आणि श्रिंक करताना त्या हलवता येत नाहीत, म्हणजे एसटीत मागच्या सगळ्या सीटा रिकाम्या पण मधल्या वाटेत कोणीतरी गोणी टाकून बसलेलं. हायबरनेशन बंद केलं, पेजफाइल तेवढ्यापुरती बंद, रिस्टार्ट, आणि ६० जीबी मोकळे. हायबरनेशन गेलं की फास्ट स्टार्टअप पण जातं, ते तर बरंच झालं, कारण ते चालू असलं की शटडाउन करूनही विंडोज ड्राइव्ह अर्धवट उघडा ठेवून झोपतं आणि मग लिनक्समधून त्यात काही लिहिता येत नाही. (हे सगळं करायच्या आधी दुधाचा हिशोब पेन ड्राइव्हवर घेतला होता, एवढी अक्कल होती.)

इन्स्टॉल वीस मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे पप्पांनी बटण दाबलं आणि तोंड धुवायला गेले. ग्रब, म्हणजे मिंटसोबत आलेला, कुठली सिस्टीम चालू करायची ते विचारणारा प्रोग्रॅम, त्याचा मेन्यू दहा सेकंद थांबतो आणि काही दाबलं नाही तर पहिला पर्याय घेतो, पहिला पर्याय मिंट. मला हलवून उठवलं, "अरे हे कुणाचं नाव विचारतंय? माझं विंडोज कुठंय?" मग ग्रबमध्ये विंडोज डिफॉल्ट केलं, आणि तेही नंबर न देता नावाने, कारण अपडेटमध्ये नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) आलं की यादीतले नंबर सरकू शकतात.

वाटलं संपलं. दोन दिवसांनी खरी गंमत.

रात्री एकपर्यंत मी मिंटवर होतो, बंद केलं, झोपलो. पप्पांनी पहाटे यादी काढली, लाईन करून आले आणि साडेसातला फोन सुरू. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी खाडा सांगितला होता तरी दारात दोन पिशव्या. एकांकडे पाहुणे म्हणून चार सांगितलेल्या, गेली एकच. पप्पांनी यादी माझ्यासमोर धरली. वरती तारीख कालची! शीटमध्ये तारीख मीच टुडे फॉर्म्युल्याने घेतलेली, म्हणजे कॉम्प्युटरच्या घड्याळात काल होता.

कारण असं की मदरबोर्डवर जे घड्याळ असतं त्यात विंडोज स्थानिक वेळ धरतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ, धरतं. मी मिंटवर नेट लावून बसलो होतो, तेव्हा त्याने नेटवरून वेळ जुळवून मदरबोर्डवर यूटीसी लिहून ठेवली, आणि आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. पहाटे पावणेपाचला विंडोजने ते घड्याळ वाचलं, त्याला दिसले आदल्या रात्रीचे सव्वाअकरा. विंडोज नेटवरून वेळ दुरुस्त करतं, पण चालू झाल्या झाल्या करेलच असं नाही. पप्पा नऊला उठणारे असते तर घड्याळ पहाटेचे साडेतीन दाखवत राहिलं असतं, तारीख मात्र बरोबर, आणि महिनाभर कोणाच्या लक्षात पण आलं नसतं. साडेपाचच्या आत उठणाऱ्यालाच हा फटका.

उपाय दोन आहेत, एकतर मिंटला टाइमडेटसीटीएल कमांडने सांगायचं की मदरबोर्डवर स्थानिक वेळ ठेव, नाहीतर विंडोजच्या रजिस्ट्रीत बदल करून त्याला यूटीसी मानायला लावायचं. लिनक्सवाले दुसरं चांगलं म्हणतात. मी पहिलं केलं, पप्पांच्या विंडोजला हात लावायची माझी हिंमत उरली नव्हती.

आता रोज मिंटच वापरतो, छान चालतं, व्हर्च्युअलबॉक्स पण त्याच्यातच टाकलाय, मोडतोड करायची ती तिथे. कोणी विचारलं तर मी आता एवढंच विचारतो की तुझ्याशिवाय घरात तो कॉम्प्युटर अजून कोण वापरतं, असेल कोणी तर महिनाभर व्हीएमवर काढ, आणि डुअल बूट केलंसच तर सगळ्यात आधी घड्याळ बघ.

काकूंच्या त्या दोन पिशव्यांचे पैसे पप्पांनी त्यांच्या बिलात लावले नाहीत, माझ्याकडून घेतले. आणि अजूनही पहाटे प्रिंट मारायच्या आधी हातातलं घड्याळ स्क्रीनच्या कोपऱ्याशी लावून बघतात, मी जागा असलो तर जरा जास्तच वेळ.