आक्का म्हणाल्या, वाचून दाखवा

मागच्या महिन्यात एक विकसन करारनामा, म्हणजे जमीन बिल्डरला बांधकामासाठी देण्याचा करार, नोंदवायला गेले आणि तो न नोंदवताच परत आले. पक्षकार हजर, साक्षीदार हजर, मुद्रांक शुल्काचं चलन भरलेलं. मी जमीनमालकांची वकील. त्यांपैकी धाकटे बंधू तेव्हापासून माझा फोन घेत नाहीत.

जमीन दोन एकर बारा गुंठे, 2021 मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी एका गावात. वडील 1998 साली वारले. सातबाऱ्यावर दोघे भाऊ कब्जेदार म्हणून लागले आणि बहीण, म्हणजे आक्का, ‘इतर हक्क’ सदरी वारस म्हणून. बहिणींना तिकडे टाकायची ही जुनी पद्धत. पुढे घरातल्यांनाही वाटायला लागतं की तिचं नाव आहे ते फक्त शोभेला. प्रत्यक्षात वाटप झालेलं नाही, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्यातली मुलींना समान हक्क देणारी 2005 ची दुरुस्ती आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा 2020 चा विनीता शर्मा निकाल बघितला, तर आक्कांचा हिस्सा भावांइतकाच, एक तृतीयांश. भावांचा आधीचा बेत हक्कसोडपत्राचा होता. वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या नावे हक्क सोडायला तेव्हा 200 रुपयांचा मुद्रांक पुरायचा, आता 500 लागतात. इतक्या कमी पैशात पुण्याच्या हद्दीत दुसरं काही मिळत असेल असं मला वाटत नाही. आक्का भांडल्या नाहीत. “बघू” म्हणाल्या आणि वर्षानुवर्षं बघतच राहिल्या. शेवटी करारात त्यांना ‘मान्यता देणार’ केलं. भाऊ लिहून देणार, बिल्डर लिहून घेणार, आक्कांची नुसती संमती.

सौदा नेहमीचाच जॉइंट व्हेंचरचा. जमीन यांची, बांधकामाचा सगळा खर्च बिल्डरचा, मालकांना 48 टक्के बांधीव क्षेत्र आणि वर डिपॉझिट. मालकाची सगळी घासाघीस या टक्क्यावर होते. शेजारच्याला 45 मिळाले, मला 48 मिळाले, यात तो खूश. टक्के कशाचे, हे कुणी विचारत नाही. बिल्डरकडून आलेल्या पहिल्या मसुद्यात टक्का होता, पण पुढच्याच ओळीत ‘म्हणजेच’ असं लिहून चौरस फुटांचा एक आकडा छापला होता. तो काढला होता मूळ एफएसआयवरून, म्हणजे जमिनीच्या प्रमाणात किती बांधता येईल त्या मूळ मर्यादेवरून. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत प्रीमियम भरून मिळणारा एफएसआय आहे, टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क आहे, आणि या सगळ्यावर निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत पूरक, म्हणजे अ‍ॅन्सिलरी एफएसआय आहे. छापील आकडा राहिला असता, तर वर चढणारं हे सगळं बांधकाम एकट्या बिल्डरचं झालं असतं आणि कागदावर टक्का 48 च दिसला असता. ती एक ओळ काढून तिथे ‘वेळोवेळी मंजूर होणाऱ्या एकूण क्षेत्राच्या, रेरा कार्पेटप्रमाणे’ हे शब्द (कार्पेट म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्र) बसवायला कित्येक बैठका गेल्या. बसवले. मजलेही नकाशावर रंगवून घेतले, नाहीतर मालकाच्या वाट्याला नाल्याकडची बाजू ठरलेलीच असते.

भाऊ मात्र मी वेळ काढते म्हणून वैतागले होते. धाकट्यांना वाटा ताब्यात येण्याआधीच दोन फ्लॅट विकून पैसे उभे करायचे होते. 2017 च्या अर्थसंकल्पात आयकर कायद्यात कलम 45(5अ) आलं, तेव्हापासून अशा करारात व्यक्ती किंवा एकत्र कुटुंब असलेल्या मालकाला भांडवली नफ्यावरचा कर कम्प्लीशन सर्टिफिकेट मिळेल त्या वर्षी लागतो. पण त्याआधी आपला वाटा विकला की ती सवलत त्याला मिळत नाही. हे त्यांना त्यांच्या सीएनेही सांगितलं होतं. शिवाय क्षेत्रात वाटा घेणारा मालक महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांच्या नियामकाच्या, दृष्टीने नुसता मालक राहत नाही, तोही प्रमोटर, म्हणजे प्रकल्पाला जबाबदार, ठरतो. “आम्ही जमीन दिली, आमच्यावर कसली केस?” हे मी थोरल्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की उत्तर देणं सोडून दिलं.

नोंदणीच्या दिवशी करारनामा मी गाडीत बसून पानपान जुळवला होता. सोबतचं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे बिल्डरला मालकांच्या वतीने व्यवहार करू देणारा कागद, मात्र बिल्डरच्या ऑफिसचा मुलगा ऐनवेळी छापून घेऊन आला. प्रोजेक्ट लोनसाठी मिळकत गहाण ठेवण्याचा अधिकार त्यात असतो, बँकेला तो लागतोच. आम्ही तो ‘विकासकाच्या हिश्श्यापुरता’ असा मर्यादित करून घेतला होता. त्या छापील प्रतीत हे दोन शब्द नव्हते. समोरचे वकील म्हणाले, जुनी फाइल प्रिंट झाली असेल. असेलही. पण चुकून छापलेली जुनी फाइल मालकाच्या फायद्याची निघाली, असं मी आजवर पाहिलेलं नाही.

पेनने शब्द घालायचे, बाजूला सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या, संपलं. मी तेच करायला बसले होते. तेवढ्यात बाकावरून आक्का म्हणाल्या, “वकीलबाई, आहे तसं वाचून दाखवा. मग काय लिहायचं ते लिहा.”

मी वाचलं. गहाणाचं कलम दोनदा वाचायला लावलं त्यांनी.

“आन् बँकेचं नाही फिटलं, तर जमीन कुणाची?”

बिल्डरचा मॅनेजर म्हणाला, “आक्का, तसं होत नसतं.”

“झालं तर?”

मी सांगितलं, त्यासाठीच हे दोन शब्द घालतोय. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, “माझं घर कुठल्या मजल्यावर?”

आमचा टोकन नंबर लागला होता. पुतण्या म्हणाला, “आत्या, ते घरी बोलू.” आक्का माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हटलं, “या दस्तात तुमच्या नावे काही नाही.” त्यांनी चष्मा काढून पिशवीत ठेवला आणि आधार कार्ड परत मागितलं.

बाहेर पार्किंगमध्ये धाकटे माझ्यावर ओरडले. “तुम्ही आमच्या वकील की तिच्या?”

प्रश्न चुकीचा नाही, म्हणून तर डोक्यातून जात नाही. वकीलपत्र भावांचं. आक्का माझ्या पक्षकार नाहीत आणि त्यांनी माझ्याकडे सल्लाही मागितला नाही. नुसतं दस्तात काय आहे ते विचारलं. सही करणाऱ्याला दस्त समजलेला असावा, ही अट माझ्या चांगुलपणाची नाही. न समजता घेतलेली संमती उद्या कोर्टात टिकत नाही, आणि तेव्हा भावांचाच प्रकल्प अडकतो. हे मी थोरल्यांना समजावून सांगितलं, त्यांना पटलंही. पण “घरी बोलू” या पुतण्याच्या वाक्यावर मी गप्प बसले असते, तर कुठलाही नियम मोडला नसता आणि त्या दिवशी दस्त झाला असता. आक्का घरी बोलल्या असत्या का? बोलून काही झालं असतं का? गेली पंचवीस-सत्तावीस वर्षं त्या घरीच बोलत होत्या की.

त्यानंतर बिल्डरने गहाणाचे शब्द मुकाट्याने मान्य केले, पण बाजार मंदावल्याचं सांगून 48 चे 45 करून मागितले. आक्कांचा मुलगा माझ्याकडे आला, आमचं काम घ्या म्हणाला. मी नाही म्हटलं, दुसऱ्या वकिलाकडे पाठवलं. आता भाऊ म्हणतात, आक्कांना एक फ्लॅट देऊन टाकू. त्यांच्या हिशेबात हा मोठेपणा आहे. एक तृतीयांशाचा एक फ्लॅट होत नाही, आणि हे आक्कांच्या वकिलाने त्यांना एव्हाना सांगितलं असणारच.

माझ्या टायटल रिपोर्टच्या, म्हणजे जमिनीच्या मालकीबद्दलच्या अहवालाच्या, पहिल्याच पानावर तिघांचे हिस्से समान लिहिले आहेत. महारेराकडे प्रकल्पाची नोंदणी करताना वकिलाचा असा अहवाल जोडावा लागतो. धाकट्यांनी मुलामार्फत निरोप पाठवलाय, आक्कांचं नाव ‘इतर हक्कात’ आहे एवढंच लिहा, हिश्श्याचं लिहू नका. मी नकार कळवलाय. तसं लिहून देणारा दुसरा कुणी मिळेलही त्यांना, पुण्यात वकिलांना तोटा नाही.